बेटावरचा किरणोत्सार माणसात कसा मोजतात? : वाचकांचे प्रश्न

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरच्या अणुचाचण्यांचा लेख मागच्या अंकात आला आणि त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1946 ते 1958 या काळात अमेरिकेनं बिकिनी आणि एनेवेटक या कंकणाकृती प्रवाळबेटांच्या परिसरात 67 अणुस्फोट केले. 1 मार्च 1954 चा ‘कॅसल ब्राव्हो’ हा स्फोट 15 मेगाटनांचा निघाला, अंदाजाच्या सुमारे अडीच पट. त्याची राख रोंगेलॅप आणि उटिरिक या बेटांच्या रहिवाशांवर पडली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

बिकिनीच्या किनाऱ्यावर गायगर काउंटर धरला तर आकडा अगदी कमी येतो, असं वाचलं. मग लोक तिथे परत जाऊन का राहत नाहीत?

आकडा खरा आहे. प्रवाळाच्या वाळूत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम नावालाच असतं. त्यामुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सार मुळातच कमी. पण गायगर काउंटर फक्त तुम्ही उभे आहात तिथला, बाहेरून अंगावर येणारा किरणोत्सार सांगतो. तिथे मुक्काम केल्यावर तुमच्या ताटात काय पडणार, हे त्याला कळत नाही. आणि या बेटांवर खरा धोका ताटातूनच येतो.

याचं कारण मातीत आहे. स्फोटांच्या राखेतलं किरणोत्सारी सीझियम-137 हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचं भावंड. चिकणमातीच्या जमिनीत ते मातीच्या पदरांमध्ये घट्ट अडकून बसतं, मुळांच्या हाती फारसं लागत नाही. प्रवाळबेटाची माती म्हणजे जवळजवळ नुसता चुना. तिच्यात चिकणमाती नाही आणि पोटॅशियमही तुटपुंजं. पोटॅशियमसाठी आसुसलेलं नारळाचं झाड मग समोर येईल ते सीझियम उचलतं आणि शहाळ्याच्या पाण्यात, खोबऱ्यात आणून ठेवतं. नीरफणस आणि तिथे खाल्लं जाणारं केवड्याच्या कुळातलं फळ यांचंही तेच. स्ट्राँशियम-90 ची गोष्ट नेमकी उलटी. ते कॅल्शियमचं भावंड, आणि तिथे कॅल्शियम पायलीला पन्नास. त्यामुळे झाडं स्ट्राँशियम फारसं घेत नाहीत.

हे न ओळखल्याची किंमत बिकिनीच्या लोकांनी मोजली. 1968 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी बेट राहण्याजोगं झाल्याचं जाहीर केलं आणि सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परतली. लोक बेटावरचा नारळ किती खातील, याचा कागदावरचा हिशेब चुकला होता. शंभरावर माणसांच्या अंगातलं सीझियम चढत गेलं आणि 1978 मध्ये सगळ्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं. जमीन मोजली, झाडं मोजली, तरी माणूस मोजल्याशिवाय काही कळत नाही, हा धडा तिथला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 1998 च्या अहवालानं हिशेब मांडला, की बिकिनीवर राहून फक्त तिथलंच अन्न खाल्लं तर वर्षाला सुमारे 15 मिलीसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप) मात्रा मिळेल. उपाय केल्याशिवाय कायमची वस्ती करू नये, असं त्या अहवालाचं म्हणणं होतं.

माणसाच्या अंगातलं सीझियम प्रत्यक्ष कसं मोजतात? रक्त घेतात का?

रक्त लागत नाही. सीझियम-137 मधून 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो. तो शरीराबाहेर पडतो आणि बाहेरूनच मोजता येतो. या यंत्राला होल बॉडी काउंटर म्हणतात. मार्शल बेटांवर अशी केंद्रं रोंगेलॅप, एनेवेटक आणि राजधानी माजुरो इथे उभी राहिली. अमेरिकेची लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा त्यांना तांत्रिक आधार देते, पण यंत्र चालवतात ते मार्शलचे तंत्रज्ञ. हे महत्त्वाचं आहे. 1954 नंतर या लोकांची तपासणी वर्षानुवर्षं झाली, पण ‘आम्हाला मोजून नेतात आणि काय निघालं ते सांगत नाहीत’ ही त्यांची तक्रार कधी थांबली नाही. ओळखीच्या माणसानं आपल्या भाषेत आकडा समजावला तर माणूस पुढच्या वेळी आपणहून येतो.

कामाचा क्रम असा. सकाळी यंत्र सुरू करून ते स्थिरावू द्यायचं. ओळखीचा छोटा स्रोत समोर धरून 662 चं शिखर वर्णपटात (ऊर्जेनुसार मांडलेल्या नोंदींच्या आलेखात) आपल्या जागी येतंय का, ते बघायचं. मग रिकाम्या खुर्चीची नोंद. मग तपासणीचा, माणसाच्या मापाचा प्रमाण पुतळा बसवून तीच नोंद. पुतळ्यात सीझियम किती आहे ते ठाऊक असतं, म्हणून रोजचा आकडा एकाच तक्त्यावर मांडत गेलं की यंत्र कधी भरकटलं ते लगेच दिसतं. हे सगळं जमल्यावरच पहिला माणूस आत घ्यायचा.

माणसानं आधी अंघोळ करायची, केस धुवायचे, स्वच्छ कपडे घालायचे. नखांतली, केसांतली, चपलेची माती ही अंगाबाहेरची असते, पण यंत्राला ती अंगातलीच वाटते. खिसे रिकामे करायचे. वजन आणि उंची त्याच वेळी मोजायची, विचारून लिहायची नाही. मग शिशाचं कवच असलेल्या खुर्चीत पाठ टेकून दहा-पंधरा मिनिटं न हलता बसायचं. समोर सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो; गॅमा किरण पडला की तो लुकलुकतो. पुढे सरकून बसलेल्या माणसाचा आकडा फुगतो आणि मागे रेललेल्याचा खाली येतो. म्हणून तंत्रज्ञाची नजर पडद्यावर जेवढी, तेवढीच माणसाच्या पाठीवर हवी.

वर्णपटात दोन शिखरं शोधायची: 662 वर सीझियम आणि 1461 वर पोटॅशियम-40. दुसरं प्रत्येकात असतंच. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 140 ग्रॅम पोटॅशियम असतं, त्यातून 4,000 ते 4,500 बेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) येतात. हा निसर्गानं फुकट दिलेला पडताळा आहे. एखाद्याचं पोटॅशियम निम्मंच दिसलं तर तो नीट बसला नव्हता किंवा यंत्र बिघडलंय. त्याच्या सीझियमच्या आकड्यावरही मग विश्वास ठेवू नये, पुन्हा मोजावं.

यात चुका कुठे होतात? (भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रश्न)

पहिला शत्रू तापमान. सोडियम आयोडाइड आणि त्याची लुकलुक टिपणारी मागची प्रकाशगुणक नळी दोन्ही तापमानाला हळव्या. जनरेटर बंद पडला, वातानुकूलन थांबलं आणि खोली पाच-सहा अंशांनी तापली की शिखर जागचं सरकतं. नोंदी मोजायची खिडकी, म्हणजे ऊर्जेचा ठरलेला पट्टा, मात्र जुन्याच जागी राहते, आणि तुम्ही अर्धंच शिखर मोजता. दुसरा शत्रू दमट खारी हवा. हा स्फटिक पाणी शोषतो. त्याच्या डब्याचं सील गेलं तर तो पिवळा पडतो आणि शिखर रुंद होत जातं. चांगल्या स्फटिकात 662 वरच्या शिखराची रुंदी सुमारे सात टक्के, म्हणजे 45 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. ती दर महिन्याला लिहून ठेवावी.

तिसरी चूक जास्त फसवी. हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूच्या वंशातल्या बिस्मथ-214 चा किरण 609 वर असतो. वर सांगितलेल्या रुंदीमुळे तो 662 च्या कुशीत शिरतो. कोंदट, बंद खोलीत सकाळी पहिल्या माणसाला ‘सीझियम’ दिसतं आणि दुपारी दार उघडल्यावर नाहीसं होतं, ते यामुळे. खोली आधी हवेशीर करून घ्यायची.

चौथी चूक रिकाम्या खुर्चीची. माणूस खुर्चीत बसला की तो मागचा किरणोत्सार थोडा अडवतो आणि स्वतःच्या पोटॅशियमचे विखुरलेले किरण 662 च्या शिखराखाली पसरवतो. म्हणजे रिकाम्या खुर्चीची पार्श्वभूमी ही त्याची पार्श्वभूमी नव्हेच. पोटॅशियम घातलेल्या, पण सीझियम नसलेल्या पुतळ्याची नोंद वजा करायला हवी.

आणि छोट्या आकड्याला ‘शून्य’ म्हणायचं की ‘आहे’ म्हणायचं, याचा नियम आधी ठरलेला हवा. समजा, सीझियमच्या खिडकीत पार्श्वभूमीच्या 900 नोंदी येतात. तिचं वर्गमूळ 30. नेहमीच्या सूत्रानं (वर्गमुळाची 4.65 पट अधिक 2.71) सुमारे 142 जादा नोंदी देण्याइतकं सीझियम अंगात असेल तरच ते यंत्राला खात्रीनं सापडेल, असं म्हणता येतं. ही झाली शोधमर्यादा. तिच्या खालच्या निकालावर ‘शून्य’ न छापता ‘या मर्यादेपेक्षा कमी’ असं छापणं हाच प्रामाणिकपणा.

एक गोष्ट विचारायला विसरू नये: हल्ली दवाखान्यात थायरॉइड किंवा हाडांचं स्कॅन झालंय का? त्यासाठी दिलेलं किरणोत्सारी औषध काही दिवस, आयोडिन-131 असेल तर कित्येक आठवडे, वर्णपट बिघडवू शकतं.

निकाल बेकरेलमध्ये येतो. तो चांगला की वाईट, हे सामान्य माणसानं कसं ठरवायचं?

प्रौढांसाठी सोपा हिशेब देतो. अंगात वर्षभर सतत 1,000 बेकरेल सीझियम-137 राहिलं तर त्या वर्षाची मात्रा सुमारे 0.03 मिलीसिव्हर्ट होते. म्हणजे 1 मिलीसिव्हर्टसाठी अंगात सतत 30,000 बेकरेलच्या आसपास हवेत. मार्शल बेटांच्या अणुदावे न्यायाधिकरणानं जमीन साफ करण्यासाठी वर्षाला 0.15 मिलीसिव्हर्ट ही कडक मर्यादा धरली. ती साधारण 4,500 बेकरेलवर येते. योगायोगानं तुमच्या स्वतःच्या पोटॅशियमचा आकडाही तेवढाच, म्हणून समजावताना त्याचा उपयोग होतो. खाण्याच्या भाषेत सांगायचं तर 0.15 मिलीसिव्हर्ट म्हणजे दिवसाला सुमारे 32 बेकरेल पोटात जाणं.

मात्र आकडा कधीचा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. प्रौढाच्या अंगातलं निम्मं सीझियम साधारण 110 दिवसांत बाहेर पडतं. बेटावर राहायला आलेल्या माणसाचं सीझियम महिनाभरात त्याच्या अंतिम पातळीच्या जेमतेम 17 टक्क्यांवर जातं, तीन महिन्यांत 43 टक्क्यांवर आणि वर्षभरात 90 टक्क्यांवर. खोबरं वाळवायला महिनाभर बेटावर जाऊन आलेल्याचा आकडा कमी आला म्हणून ‘कायम राहिलात तरी एवढंच’ असं त्याला सांगणं ही घोडचूक. उलट, बेट सोडून वर्ष उलटल्यावर मोजलं तर दहा टक्केच उरलेलं असतं. म्हणून जाण्याआधी एकदा, परतल्यावर पंधरवड्याच्या आत एकदा, आणि कायम राहणाऱ्यांनी दरवर्षी मोजावं. सोबत गेल्या चार महिन्यांत काय खाल्लं, कुठल्या बेटावरचं खाल्लं, याची नोंद हवीच.

मुलांचा हिशेब वेगळा. वर्षाच्या बाळाच्या अंगातून निम्मं सीझियम दोन आठवड्यांतच जातं, पाच वर्षांच्या मुलाच्या अंगातून महिन्याभरात. त्यामुळे आईइतकंच सीझियम पोटात गेलं तरी मुलाचा आकडा कितीतरी कमी दिसतो. तो बघून निर्धास्त होऊ नये. मुलासाठी मुलाच्या मापाचा पुतळा आणि मुलाच्या वयाचा गुणक वापरायचा.

प्लुटोनियमही याच खुर्चीत मोजतात का?

नाही. त्याचे अल्फा कण त्वचेबाहेरही येत नाहीत. त्यासाठी पूर्ण 24 तासांची लघवी गोळा करावी लागते. अंगातल्या प्लुटोनियमपैकी रोज लाखातला एखाद-दुसरा भागच लघवीत उतरतो. त्यामुळे एक वेळची बाटली चुकली तर दिवस वाया. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी जमवायची. बाटली मातीवर ठेवायची नाही, हात धुतल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. एनेवेटकच्या उत्तरेकडच्या बेटावरचा धुळीचा एक कण बाटलीत पडला तर तो माणसाच्या खऱ्या आकड्याला सहज गिळून टाकतो.

पूर्वी अल्फा वर्णपटानं मोजायचे तेव्हा मासे खाणाऱ्यांच्या लघवीतलं नैसर्गिक पोलोनियम-210 आड यायचं. हल्ली कण-प्रवेगक वापरून थेट अणू मोजतात. त्यात प्लुटोनियम-240 आणि 239 यांचं गुणोत्तरही कळतं. जगभर पसरलेल्या अणुराखेत ते 0.18 च्या आसपास असतं, बॉम्बसाठी बनवलेल्या प्लुटोनियममध्ये बरंच कमी. त्यावरून कण कुठला, याचा अंदाज बांधता येतो. खणणाऱ्या, जमीन साफ करणाऱ्या कामगारांची ही तपासणी कामाआधी आणि कामानंतर अशी दोनदा व्हायला हवी. त्यांना धोका खाण्यातून कमी आणि नाकातून जास्त.

मासे खाल्ले तर चालतात?

सीझियमपुरतं बोलायचं तर समुद्रातलं खाणं जमिनीवरच्या नारळापेक्षा खूप बरं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 0.4 ग्रॅम पोटॅशियम असतं, त्या गर्दीत सीझियमला जागा मिळत नाही. जमिनीवर फिरून नारळ खाणारा मोठा खेकडा मात्र ‘समुद्रातलं’ या सदरात धरू नये.

शेतीविषयक प्रश्न : पोटॅशियमचं खत घालून नारळातलं सीझियम कमी करता येतं, हे खरं का?

अगदी खरं, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच. बिकिनीवरच्या दीर्घ प्रयोगांत पोटॅशियम क्लोराइड टाकल्यावर नारळातलं सीझियम आधीच्या पाच-दहा टक्क्यांवर आलं. वर झाडं सुधारली ती वेगळी. वरची सगळी माती खरवडून काढण्यापेक्षा हे चांगलं. त्या बेटांवर सुपीक थर हातभरही नसतो आणि तो गेला की खाली नुसती प्रवाळाची खडी उरते. रोंगेलॅपच्या पुनर्वसनात दोन्हींचा मेळ घातला. घरांच्या आणि वावरण्याच्या जागेची माती काढून ठेचलेलं प्रवाळ पसरलं आणि बागायतीत पोटॅशियम दिलं.

खताचा हिशेब करताना एक गल्लत होते. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात पोटॅशियम 52 टक्केच असतं, म्हणून 100 किलो पोटॅशियम द्यायचं तर खत सुमारे 190 किलो लागतं. परिणाम काही वर्षं टिकतो, कायम नाही. नारळ मोजत राहायचे आणि सीझियम वर सरकू लागलं की पुन्हा द्यायचं. झाडाची एकच बाजू धरून खत टाकू नये, मुळं चहूकडे पसरलेली असतात.

निसर्गही मदत करतो. पावसाचं पाणी सीझियमला मुळांच्या खाली नेतं. त्यामुळे या बेटांवरच्या अन्नातलं सीझियम 30 वर्षांच्या नव्हे, सुमारे साडेआठ वर्षांच्या अर्धायुष्यानं (निम्मं व्हायला लागणाऱ्या काळानं) घटतंय.

माणसानं केळी खाऊन मात्र तसा फायदा होत नाही. शरीर आपलं पोटॅशियम ठरलेल्या पातळीवर राखतं, जास्तीचं बाहेर टाकतं. प्रशियन ब्लू हे औषध सीझियम बाहेर काढतं, पण ते मोठ्या अपघातासाठी. बेटावरच्या पातळीला अन्न बदलणं पुरे.

रुनिटच्या घुमटाला तडे गेलेत. तो फुटला तर?

एनेवेटकच्या रुनिट बेटावर 1958 च्या स्फोटाच्या खड्ड्यात सफाईत निघालेली किरणोत्सारी माती आणि मलबा भरून, 1980 पर्यंत त्यावर 46 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचा घुमट घातला. आमच्या मते लोकांची नजर चुकीच्या जागी आहे. खड्ड्याच्या तळाला अस्तरच नाही. सच्छिद्र प्रवाळातून भरती-ओहोटीचं पाणी आधीपासूनच आतबाहेर करतं. शिवाय लगूनच्या (प्रवाळाच्या कंकणाआतल्या समुद्राच्या) गाळात घुमटाखालच्यापेक्षा कितीतरी जास्त प्लुटोनियम पडलंय. म्हणून काँक्रीटच्या भेगांच्या फोटोंपेक्षा भोवतालच्या भूजलाची मोजणी मोलाची. अमेरिकी कायद्यानुसार किमान दर चार वर्षांनी ती व्हायला हवी, आणि निकाल एनेवेटकच्या लोकांपर्यंत पोचायला हवेत.

1954 मध्ये राखेत सापडलेल्या माणसाची तेव्हाची मात्रा आता मोजता येईल का?

खुर्चीत बसवून नाही. रोंगेलॅपच्या लोकांना सुमारे 50 तासांनी हलवलं. तोवर बाहेरून अंगावर आलेला किरणोत्सार मागे काहीच ठेवून गेला नाही. थायरॉइडचा घात करणारं आयोडिन-131 आठ दिवसांच्या अर्धायुष्याचं, आणि त्याची अल्पायुषी भावंडं तर काही तासांची. त्या वेळचं सीझियम केव्हाच धुऊन गेलंय. नंतरच्या संशोधकांना थायरॉइडच्या मात्रेचा हिशेब बांधता आला तो स्फोटानंतर सुमारे दोन आठवड्यांनी जमवलेल्या लघवीच्या नमुन्यामुळे. तोही अनेकांचा एकत्र केलेला. मुलांची स्वतंत्र मोजणी असती तर आज एवढं अनुमानावर विसंबावं लागलं नसतं.

पडलेला किंवा काढलेला दात मिळाला तर त्याच्या एनॅमलवर आणि रक्तपेशींतल्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीवर जुनी मोठी मात्रा अजून वाचता येते. म्हणून अशा माणसाचा काढलेला दात फेकू नये. कोरडा करून, कागदात गुंडाळून, नाव, जन्मवर्ष, दात कुठला आणि काढल्याची तारीख लिहून ठेवावा. त्या दाताचा एक्स-रे कितीदा काढला होता तेही लिहावं, कारण एक्स-रेची मात्राही एनॅमलमध्ये साठते. पुढचे दात शक्यतो टाळतात, त्यांच्यावर सूर्यप्रकाशाचा परिणाम झालेला असतो. दाढ सर्वांत चांगली. आणि हयात माणसाला मात्रेच्या आकड्याची वाट न बघता थायरॉइडची तपासणी वेळच्या वेळी मिळायला हवी. रोंगेलॅपच्या मुलांमध्ये थायरॉइडच्या गाठी पहिल्यांदा दिसल्या त्या 1963 मध्ये, राख पडल्यावर नऊ वर्षांनी.